एक टोला ओढ, दोन टोले थांब

तर तुझ्या जीपचा फोर-व्हीलचा दांडा घट्ट झालाय, आणि उद्या तू तिच्याखाली शिरून बघणार आहेस. एकटा. मोबाईलवर व्हिडिओ बघून. वा रे वा! बहिणीचा मुलगा आहेस म्हणून ऐकून घेतलं, नाहीतर एक कानाखाली दिली असती. बस खाली. तुम्ही दोघंही बसा. ती चटई ओढा इकडे. गच्चीचा दिवा राहू दे बंद, किडे येतात.

मोबाईल ठेव. पालथा नको ठेवूस, बंद कर. त्याचा उजेड तोंडावर पडला की माझं लक्ष जातं.

मी तीस वर्षं स्पेअर पार्टचं दुकान चालवलं, हे तुम्हाला माहीत आहेच. भुताखेतांच्या गोष्टी कोणी सांगायला लागला की मी उठून जायचो. आता बसून ऐकतो. विश्वास बसला असं म्हणत नाही, पण उठून जायची हिंमत होत नाही. हे ज्याच्यावर गुदरलं तो अजून जिवंत आहे, आणि शेवटचा भाग तर मी या डोळ्यांनी पाहिलाय.

त्याला सगळे बारक्या म्हणतात. विशीत असताना हडकुळा होता, कुठल्याही गाडीखाली सापासारखा शिरायचा, म्हणून बारक्या. आता नव्वद किलोचा झालाय, जॅक दोन वेळा चढवावा लागतो, पण नाव तेच. माझ्या दुकानासमोर लाकडाची वखार होती. तिथे गाड्यांचं काम बघायला उस्ताद होता आणि उस्तादच्या हाताखाली वीस वर्षं हा बारक्या.

उस्ताद म्हणजे काय माणूस होता! गाडी फाटकातून आत येतानाच सांगायचा, मागचं डावं बेअरिंग गेलंय. पण तोंडाने बोलायचं काम नाही. त्याला कारणही होतं. वखारीत करवतीची मशीन सकाळी आठला सुरू व्हायची ती अंधार पडेपर्यंत. त्या किंचाळण्यात गाडीखालच्या माणसाने हाक मारली तर वरच्याला काय ऐकू येणार, कप्पाळ? म्हणून उस्तादने पद्धत पाडली होती. गाडीखालचा माणूस पान्याने चॅसीवर टोला मारणार. एक टोला म्हणजे ओढ. दोन टोले म्हणजे थांब. टोला लोखंडातून येतो, तो कानाने नाही तर बुडाने ऐकू येतो, असं तो म्हणायचा. गाडीखालून त्याने कधी तोंडाने आवाज दिला, असं त्या वखारीत एकही माणूस सांगणार नाही. हे लक्षात ठेवा.

वखारीत एक जुना ट्रक होता, लष्कराच्या लिलावातला. चारी चाकं ओढणारा. त्याला दोन दांडे. मोठा दांडा नेहमीच्या गिअरचा, छोटा फोर-व्हीलचा. छोटा पुढे असला की फक्त मागची चाकं ओढणार. मागे खेचला की चारी चाकं, जड चढावासाठी. आणि वाटेत, मधोमध, न्यूट्रल. हे नीट ऐक, तुझ्या जीपचंही हेच आहे. छोटा दांडा त्या न्यूट्रलवर आला की मोठा दांडा कुठल्याही गिअरमध्ये असू दे, इंजिनचा आणि चाकांचा संबंध तुटला. मग तो ट्रक नाही, नुसता गाडा. उतार दिसला की निघाला.

ट्रकचा हॅण्डब्रेक लिलावातून आला तोच मेलेला. त्यामुळे सगळे गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकून उतरायचे. "गिअरमध्ये आहे, कुठे जातेय?" मालक हेच म्हणायचा, ड्रायव्हर हेच म्हणायचा, बारक्याही हेच म्हणायचा. उस्ताद एकटा म्हणायचा नाही. तो मागच्या चाकाला लाकडी ठोकळा लावायचा, त्यावर दोन लाथा हाणायचा, आणि मगच खाली जायचा.

आता उस्ताद कसा गेला ते सांगतो. त्या वेळी मला हे माहीत नव्हतं, नंतर कळलं.

वखारीच्या मागच्या फाटकाबाहेर लगेच चढ आहे, डोंगराकडे जाणारा. तिथे तो ट्रक उभा होता, तोंड वर करून. फोर-व्हीलचा दांडा घट्ट झाला म्हणून उस्ताद खाली गेलेला. वेळ सकाळी अकराची. वर सीटवर मालक स्वतः. मालक तसा कामाचा माणूस, एकेकाळी स्वतः ट्रक चालवलेला, पण डोकं असं तापट की सकाळी पेटलं तर रात्री विझायचं. त्याला वर डोंगरावर जायची घाई. तो बारक्याला म्हणाला, "काढ रे तो ठोकळा, गाडी फूटभर मागे घेतो. दांडा आपोआप सैल पडेल."

हे तंत्र खोटं नाही बरं का. कडक रस्त्यावर फोर-व्हील चालवली की आतले गिअर एकमेकांत ताठून बसतात. गाडी जरा मागे घेतली की सुटतात. पण त्याआधी खालचा माणूस बाहेर यायला नको? बारक्याने ठोकळा काढला. त्याला वाटलं, उस्ताद बाहेर येईलच. आणि गाडी गिअरमध्ये आहे, कुठे जातेय?

खालून दोन टोले आले. ठण्... ठण्.

बारक्या केबिनच्या दाराशी धावत जाऊन ओरडला, "मालक, थांबा!" मालक म्हणाला, "तू मला शिकवतोस?" आणि गाडी मागे घेण्याआधी दांडा एकदा हिसकून बघू, म्हणून त्याने तो रागारागाने दोन्ही हातांनी ओढला. दांडा सुटला. सुटला आणि न्यूट्रलमध्ये आला.

ट्रक दोन हात मागे आला, फक्त दोन हात. मग मालकाने ब्रेकवर पाय दिला. बारक्या उभा होता, हातात ठोकळा घेऊन.

पुढे पोलीस आले, कागद झाले. मालकाने सांगितलं, उस्तादने ठोकळा लावलाच नव्हता, आणि खालून त्यानेच आवाज दिला, "ओढा." साक्षीदार बारक्या. घरी म्हातारी आई, उशिरा का होईना नुकतं लग्न झालेलं, आणि ठोकळा तर यानेच काढलेला. मालकाने त्याला बाजूला घेऊन एवढंच सांगितलं, "मी अडकलो तर तूही अडकतोस." बारक्याने सही केली.

उस्तादची बायको, आमची वहिनी, तिला माणूस गेल्याचं दुःख होतंच, पण त्याहून जास्त हे लागलं होतं. जो भेटायला येईल त्याला सांगायची, "ठोकळा लावल्याशिवाय ते खाली जायचेच नाहीत हो. घरी खाटेचा पाय हलला तरी खाली चिपटी सारून मगच झोपायचे." लोक मान हलवायचे. "चूक होते माणसाची, वहिनी." जिच्या नवऱ्याने जन्मभर दुसऱ्यांना चुका टाळायला शिकवलं, तिने हे दोन वर्षं ऐकलं. एकदा ती बारक्याच्या दारात जाऊन उभी राहिली. म्हणाली, "भाऊजी, तुम्ही होतात ना तिथे? त्यांनी खरंच आवाज दिला?" बारक्याने चपलेकडे बघत सांगितलं, "हो, वहिनी."

त्यानंतर बारक्याने वखार सोडली, रस्त्याकडेला स्वतःची शेड टाकली. आणि मालक दोन वर्षं त्या ट्रकच्या सीटवर चढला नाही. ड्रायव्हर चालवायचा. दांडा? दांडा अगदी मऊ. दोन वर्षांत एक तक्रार नाही.

आता त्या रात्रीचं ऐका. हसू नकोस रे, ए चष्मिस. पुढे हसशील तेव्हा बघतो.

गेल्याच्या गेल्या वर्षी, नोव्हेंबरची एकोणीस तारीख, मंगळवार. अमावस्या नाही, काही नाही, चांगला मोठा चंद्र होता. बारक्या शेडचं शटर ओढत होता तेव्हा मालकाचा फोन आला. नऊ वाजून चाळीस मिनिटं. त्याच्या मोबाईलवर ती नोंद अजून आहे.

ड्रायव्हर तापाने पडला होता. वर डोंगरावर लाकडं उचलायच्या मशीनला पहाटेच्या आत डिझेलची पिंपं पोचवायची होती. म्हणून मालक दोन वर्षांनी पहिल्यांदा स्वतः ट्रक घेऊन निघाला आणि मागच्या फाटकाबाहेर त्याच चढावर अडकला. फोर-व्हीलचा दांडा जाम.

"सकाळी येतो, मालक," बारक्या म्हणाला.

"सही करताना सकाळची वाट बघितली होतीस का?" मालक म्हणाला, आणि फोन ठेवला.

बारक्याने पिशवी उचलली.

तिथे गेला तेव्हा मालक एकटाच. ट्रक तोंड वर करून उभा, पहिल्या गिअरमध्ये, इंजिन बंद. करवत कधीच थांबलेली. बारक्याने पहिलं काम काय केलं? मागच्या चाकाला ठोकळा लावला आणि दोन लाथा मारल्या. दोन वर्षं त्याच्या पायांना तीच सवय लागली होती.

मग कामाला लागला. आधी वर बसून क्लच दाबून दांडा ओढून पाहिला. दगड. ठोकळा काढून, गाडी फूटभर मागे घेऊन, ठोकळा परत लावला. दगडच. दांड्याच्या बुडाचं रबर वर करून तेल मारलं, दहा मिनिटं थांबला. काही नाही. म्हणून खाली गेला.

खाली बघा काय असतं. दांड्यापासून एक सळई छोट्या गिअरबॉक्सपर्यंत जाते, तिच्या टोकाला पिन. ती पिन काढली की दांडा वेगळा आणि गिअरबॉक्स वेगळा. मग कोण रुसलाय ते कळतं. तुझ्या व्हिडिओत हे सांगितलंय का? नाही ना? मग.

बारक्याने पिन काढली. मालक वर बसलेला. बारक्याने पान्याने एक टोला मारला. मालकाने दांडा ओढला. एकदम हलका, एका बोटाने जाईल असा. म्हणजे दांड्यात दोष नाही. मग त्याने गिअरबॉक्सचा हात बोटांनी जरासा सरकवून पाहिला, न्यूट्रलच्या बराच अलीकडे, बोटभरच. तोही गुळगुळीत. म्हणजे गिअरबॉक्समध्येही दोष नाही. पिन लावली, टोला मारला.

दगड.

तीन वेळा केलं. सासू चांगली, सून चांगली, एका घरात आल्या की बोलणं बंद, तसलं काहीतरी. बारक्या मला म्हणाला, "काका, वीस वर्षांत असं पाहिलं नव्हतं. मी हात टेकले."

चौथ्या वेळी त्याने वेगळं केलं. पिन न लावता सळईचं टोक स्वतःच्या मुठीत धरलं, आणि पाना छातीवर ठेवला. म्हटलं, मालक ओढेल तेव्हा जोर कुठे अडतोय ते हाताला कळेल. तोंडानेच ओरडला, "ओढा, मालक."

मालकाने ओढलं. सळई बारक्याच्या मुठीत तसूभरही हलली नाही. मघाशी हाच दांडा, पिन काढलेली असताना, एका बोटाने जात होता. आता पिन काढलेलीच आहे... आणि मालक वर कण्हतोय ओढून ओढून.

कशात तरी अडकलं असेल म्हणून बारक्याने दुसऱ्या हाताने सळई वरपर्यंत चाचपली. अर्ध्यावर ती गरम लागली. लोखंड थंडगार होतं सगळीकडे. तेवढ्याच चार बोटांच्या जागेत गरम.

कोणीतरी बराच वेळ धरून ठेवल्यासारखी.

आणि टोले आले.

ठण्... ठण्.

बारक्याने मारले नव्हते. पाना त्याच्या छातीवर होता.

वरून मालक म्हणाला, "काय रे? थांबू का?"

म्हणजे त्यालाही ऐकू आलं होतं.

बारक्याची बोबडीच वळली. मालक चिडला. "थांब म्हणतोस की ओढ म्हणतोस? एक काय ते सांग!"

ठण्... ठण्. या वेळी कानाजवळ. अगदी कानाजवळ.

मग त्याने मोबाईलचा उजेड गिअरबॉक्सकडे वळवला. गिअरबॉक्सचा हात... सळई न जोडलेला, एकटा... सरकत होता. सावकाश. न्यूट्रलकडे.

पळायला जागा नव्हती. नव्वद किलोचा माणूस. एका बाजूला चाक, दुसऱ्या बाजूला चाक. ट्रकचं धूड जरासं मागे रेललं आणि ठोकळा कुरकुरला.

बारक्याने डोळे मिटले. म्हणाला, "उस्ताद... मी खोटं लिहून दिलं."

कुरकुर थांबली नाही.

"तुम्ही आवाज दिला नव्हता. दोन टोले दिले होते. मी ऐकले. ठोकळा मी काढला, उस्ताद. मी काढला... आणि वहिनीला तोंडावर खोटं बोललो..."

तो रडत होता. मला सांगतानाही रडला.

कुरकुर थांबली. डोळे उघडले तेव्हा गिअरबॉक्सचा हात परत आपल्या जागेवर गेलेला.

किती वेळ गेला कोण जाणे. मग कोणीतरी त्याचे दोन्ही पाय घोट्याशी धरले आणि एका हिसक्यात त्याला बाहेर ओढलं. पाठ सोलवटून निघाली. तो रस्त्याच्या कडेला, ट्रकपासून चांगला पाच-सहा हात लांब येऊन पडला. त्याला वाटलं, मालकाने ओढलं.

वर बघतो तर मालक सीटवर. काचेतून खाली बघतोय.

मालक उतरला. "काय तमाशा लावलायस? कोणाशी बोलत होतास?"

"उस्तादशी," बारक्या म्हणाला. "मालक, मी आत्ता ठाण्यात जातोय. सगळं सांगणार आहे. तुम्हीही चला. आत्ताच्या आत्ता चला... नाहीतर आपलं काही खरं नाही."

मालकाचा चेहरा पांढराफटक पडला होता. पण माणसाचं डोकं कसं असतं बघा. भीती वाटली हे दुसऱ्याला दिसू नये म्हणून तो चिडतो. मालक म्हणाला, "दोन वर्षांनी कंठ फुटला का तुला? जा. सांग. तुझी सही आहे खाली. तू खोटारडा ठरशील, मी नाही. तो म्हातारा स्वतःच्या चुकीने मेला, आणि उद्याही स्वतःच्या चुकीनेच मेलेला असेल!"

असं म्हणाला. त्या चढावर उभं राहून. त्या ट्रकशेजारी.

बारक्या म्हणतो, त्यानंतर रातकिड्यांचा आवाज बंद झाला.

मालकाने किल्ली काढून खिशात टाकली, बॅटरी घेतली, आणि म्हणाला, "एक पिन लावता येत नाही तुला. तू शेंबडा होतास तेव्हापासून मी पिना लावतोय." बारक्या म्हणाला, "खाली जाऊ नका." पुन्हा म्हणाला, "मालक, पाया पडतो, खाली जाऊ नका."

मालक खाली गेला.

बारक्या रस्त्याच्या कडेला. केबिनमध्ये कोणी नाही. किल्ली मालकाच्या खिशात.

खालून पान्याची खुडबुड. मग मालकाचा आवाज, "लागली की! बघ, लागली पिन!"

मग... काही नाही.

मग टोला.

ठण्.

एक.

बारक्या वाट बघत राहिला. दुसऱ्याची. दुसरा आलाच नाही.

खालून मालक म्हणाला, अगदी हळू, "बारक्या... मी नाही मारला."

मग, "कोण आहे इथे?"

केबिनची काच चंद्राच्या उजेडात चमकत होती. काचेमागे दांडा दिसत होता. छोटा.

तो हलला.

घाई नाही. हिसका नाही. कामाची सवय असलेला माणूस ओढतो तसा, एका दमात...

खट्.

बारक्या ओरडला, "ठोकळा! ठोकळा आहे!" आणि चाकाकडे धावायला निघाला. तेव्हा त्याला कळलं की आपले हात जड झालेत. त्याने खाली पाहिलं.

ठोकळा त्याच्या हातात होता.

पुढचं सांगत नाही. जे उस्तादचं झालं तेच झालं. ट्रक दोन हात मागे आला आणि उतारावर, कोणी ब्रेक न दाबता, थांबला. फक्त दोन हात.

काय? हो, मीही विचारलं. एकदाच. "बारक्या, ठोकळा तू काढलास का?" तो म्हणाला, "काका, आठवत नाही." पुन्हा मी विचारलं नाही. तुम्हाला कधी भेटला तर तुम्हीही विचारू नका.

पण एक केलं त्याने. पळून गेला नाही. चालत ठाण्यात गेला, साडेबाराच्या सुमाराला. रात्रपाळीला एक हवालदार होता, वयस्कर, शांत माणूस. त्याने आधी चढावर माणसं पाठवली. मग बारक्याला मागच्या नळावर नेलं आणि साबण दिला. ग्रीस, तेल, रक्त... असल्या हातांनी कागदाला हात लावू देईना. दोनदा धुवायला लावले. नखंसुद्धा बघितली. मग जबाब लिहून घेतला. दोन वर्षांपूर्वीचा सगळा. ठोकळा, दोन टोले, मालकाचं ओढणं, खोटी सही. त्या रात्रीचाही सगळा. हातातल्या ठोकळ्यासकट. हवालदार म्हणाला, "हे शेवटचं लिहू का? तू अडकशील." बारक्या म्हणाला, "लिहा. आता मागे काही ठेवायचं नाही."

त्याने सही केली. हवालदार शिक्का आणायला आतल्या खोलीत गेला. बारक्या खुर्चीवर, हात मांडीवर. खोलीत दुसरं कोणी नाही. दार बंद. तो म्हणतो, मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होतो, दोन वाजून दहा मिनिटं झाली होती.

हवालदार परत आला, आणि शिक्का हातात धरून तसाच उभा राहिला. "हा अंगठा कोणाचा?"

जबाबाच्या शेवटी एक ओळ असते ना, वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो खरा व बरोबर आहे. तिच्या खाली बारक्याची सही. आणि सहीच्या शेजारी अंगठा उठला होता. काळ्या ग्रीसमध्ये. ठसठशीत, एकेक रेघ मोजून घ्यावी असा.

हवालदाराने बारक्याचे दोन्ही अंगठे उलटेपालटे करून बघितले. स्वच्छ. स्वतःचेही बघितले. शाईचा पॅड तर जांभळा होता. मग त्याने तो कागद फाईलमध्ये न घालता टेबलावरच ठेवला आणि बाहेरच्या ओट्यावर जाऊन बसला.

पहाटे बारक्याचा मला फोन आला. मीच वहिनीला घेऊन ठाण्यात गेलो, सकाळी नऊला. म्हणून म्हणतो, शेवटचं मी स्वतः पाहिलंय.

वहिनीला वाचता येतं, पण तिने कागद हातात घेतला नाही. म्हणाली, "मोठ्याने वाचा." हवालदाराने वाचला. दोन टोल्यांचं आलं तेव्हा तिने भिंतीला हात लावला. ठोकळा लावला होता, हे आलं तेव्हा ती एकदाच म्हणाली, "सांगत नव्हते मी?" कोणाला म्हणाली कोण जाणे. बारक्या कोपऱ्यात मान खाली घालून उभा होता. त्याच्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. अजूनही बघत नाही.

शेवटची ओळ झाली. हवालदाराने कागद तिच्यासमोर ठेवला, तो अंगठा दाखवला. ती वाकली. बराच वेळ बघत राहिली. मग तिने आपलं बोट पुढे केलं आणि त्या ठशावर हलकेच टेकवलं.

बोट काळं झालं. ठसा मात्र होता तसाच राहिला, एक रेघही पुसली गेली नाही.

हवालदाराने पुसायला फडकं पुढे केलं. तिने घेतलं नाही. ते बोट आत घेऊन मूठ मिटली, आणि तशीच घरी चालत गेली.